अंगठ्याची धार

गडी गेला त्या दिवशी गोठ्यात सात दुभत्या गाई होत्या आणि धारा काढायला माझे दोन हात.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी नुसतं तोंड दाखवून पळाला होता. माळावरच्या गवतावर पाय दिला की ते काचेसारखं मोडायचं. विहिरीत दोर आधीपेक्षा दोन हात जास्त सोडावा लागत होता. गडी म्हणाला, "मालक, गाईंनाच पोटभर नाही, माझ्या पोटाला कुठून आणणार? शहरात इमारती चढतायत, तिकडं हात हवेत." त्याने बादली धुऊन पालथी घातली, खांद्यावरचा रुमाल झटकला आणि निघाला. तो वळणाआड होईपर्यंत शिंगमोडी गाय मान वर करून हंबरत होती.

मामंजींनी वीस वर्षांत सडाला हात लावला नव्हता. धारा काढणं हे एक तर गड्याचं काम, नाहीतर बायकांचं, अशी त्यांची वाटणी. आत्याबाईंची बोटं सांध्यांत आखडलेली. सकाळी कपाचा कानसुद्धा धरवत नाही. नवरा दूधगाडी चालवतो, उजाडता उजाडता निघतो तो दुपार कलल्यावर येतो. उरले कोण? मी, आणि चार वर्षांची टिटवी. टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण जन्मल्यापासून ती इतकी ओरडते की खरं नाव घरात कुणाला सुचतच नाही.

त्याच आठवड्यात शाळेतून मोठ्या बाईंची चिठ्ठी आली. टिटवी पोटात येईपर्यंत मी त्या शाळेत दोन वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, हंगामी म्हणून. बाईंनी लिहिलं होतं: इंग्रजीची जागा आता कायम होणार आहे, पण नव्या नियमाने वरच्या पातळीची परीक्षा पास झालेल्यालाच ती मिळेल. आठ महिने मी जागा धरून ठेवते. त्यापुढे माझा इलाज नाही.

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवली. जेवताना सांगितलं.

मामंजी घास थांबवून म्हणाले, "आणि धारा?"

"धाराही काढीन."

"दोन दगडांवर पाय ठेवणारा कुठं पडतो माहितीये ना?"

"मधे," मी म्हटलं, "पण पाणी आटलंय. बुडायची भीती नाही."

नवऱ्याला ठसका लागला. आत्याबाईंनी त्याच्यापुढे पाणी सरकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जेवा मुकाट्याने सगळे."

*

परीक्षेतलं लिहिणं-बोलणं मला जमण्यासारखं होतं. घोडं अडत होतं ते ऐकण्या-वाचण्यात. ऐकायच्या भागात चार ध्वनिफिती असतात. बोलणारी माणसं अर्धे शब्द गिळतात, एकमेकांचं बोलणं तोडतात, एक म्हणतात आणि भलतंच सुचवतात. प्रत्येक फीत दोनदाच वाजते. तिसऱ्यांदा नाही, पाया पडलात तरी नाही. वाचायच्या भागात लांबलचक उतारे. एका उताऱ्यातले तर मधले परिच्छेदच काढून खाली टाकलेले असतात आणि कुठला कुठे बसतो ते आपण ओळखायचं.

घरात बसून ऐकावं तर टिटवी मांडीवर. विहिरीवर ऐकावं तर रहाट कुरकुरतो. दिवसात मी एकाच जागी दीड तास, तोही दोनदा, न हलता बांधलेली असायचे ती जागा म्हणजे गोठा. मग तिथंच.

सुरुवातीला फोनची वायर कानात घालून बसायचे. चौथ्या दिवशी वासराने ती वायर चावून तिचे तीन तुकडे केले. मग मी फोन दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये उभा ठेवायला लागले. आवाज घुमून असा बाहेर यायचा की वाटावं, कुणी साहेब विहिरीत पडलाय आणि तिथूनच भाषण देतोय.

रीत ठरून गेली. पहिली फीत तांबडीची. दुसरी अंगभर ठिपके असलेल्या ठिपक्याचीची. तिसरी आणि चौथी शिंगमोडीची, कारण ती आठवेल तसं हप्त्या-हप्त्याने दूध देते. उरलेल्या चार गाईंना पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फितीआधी घंटेचा एक छोटासा आवाज येतो, टिंग. तो आला की मी सडांना हात घालायचा, फीत संपली की प्रश्नांची उत्तरं मनात पक्की करायची, आणि गाय बदलताना खुंटीला टांगलेल्या कागदावर खडूने खुणा करायच्या. हात दुधाने ओले, म्हणून पेन नाही. खडू.

लग्न होऊन आले तेव्हा गाईच्या कुठल्या बाजूला बसतात हेही मला ठाऊक नव्हतं. मास्तरांची मुलगी मी. दूध पातेल्यातच जन्मतं असं समजणारी. आत्याबाईंनी पहिले आठ दिवस मला गोठ्याच्या उंबऱ्याआत घेतलं नाही. म्हणाल्या, "आधी स्वतःच्या अंगठ्याची धार काढ." अंगठा आपल्याच मुठीत उभा धरायचा आणि वरून खाली एकेक बोट मिटत आणायचं. आधी तर्जनी, मग मधलं, मग उरलेली दोन. पुन्हा सोडायचं. "ओढायचं नाही. ओढलंस तर गाय लाथ घालेल, आणि तिचं बरोबर असेल." आठ दिवस मी बसता-उठता अंगठा पिळत हिंडत होते. नवव्या दिवशी तांबडीने मला पहिली धार दिली. या घराने मला दिलेली ती पहिली विद्या.

वाचायचे उतारे मी गव्हाणीच्या वर भिंतीला खळीने चिकटवायचे; गाईंना चारा टाकता टाकता वाचून व्हायचे. एकदा परिच्छेद काढलेला उतारा लावला आणि पाणी आणायला गेले. परत येते तर ठिपक्याची खळीच्या चवीने अर्धा कागद खाऊन बसलेली. खाली टाकलेले परिच्छेद सगळे तिच्या पोटात.

मामंजी दारात उभे होते. "वाच आता," म्हणाले. "गाढवापुढे वाचली गीता ऐकलं होतं. इथं गाईनेच गीता खाल्ली."

मी राहिलेला अर्धा उतारा वाचला आणि गेलेले परिच्छेद स्वतःच मनाने रचून काढले. कुठे काय असायला हवं होतं ते आधीच्या ओळीत आणि पुढच्या ओळीत दिसतंच. मोडलेल्या कुंपणात कुठली फांदी बसेल ते जसं भोकच सांगतं, तसं. त्या दिवसापासून वाचायच्या भागाची भीती गेली. ठिपक्याचीला मी एक मूठ पेंड जास्त घातली.

*

दुसऱ्या फितीत एक बाई बोलते. ती एका बेटावर एकटी राहून पक्षी मोजते. वारा, थंडी, संपत आलेलं धान्य, सगळं सांगते. शेवटी म्हणते की ठरलेल्या दिवशी मी सामान बांधून किनाऱ्यावर बसले, आणि होडी आली नाही. तिथे फीत संपते.

आत्याबाई वासरांना बाटलीने पाजत असायच्या, तेव्हा रोज कानावर पडायचं त्यांच्या. एक दिवस म्हणाल्या, "अगं, ही बया रोज एवढ्या तळतळून काय सांगते?"

मी सांगितलं.

"मग? आली का होडी?"

"तेवढंच आहे. पुढचं नाही दिलेलं."

"पुढचं नाही म्हणजे?" त्यांनी बाटली वासराच्या तोंडातून काढली. "बाईमाणूस एकटी किनाऱ्यावर बसवायची आणि फीत बंद करायची? कसली मेली परीक्षा ही!"

टिटवी चाऱ्याच्या ढिगावर बसून बाईच्याच आवाजात काहीतरी इंग्रजी ठसक्यात म्हणून दाखवत होती. अर्थ शून्य, चाल अगदी तीच. मला हसूही आलं आणि काळजात काहीतरी हललंही. माझ्या लेकीच्या कानाला ही भाषा परकी राहणार नव्हती. मला मात्र मी बावीस वर्षांची होईपर्यंत ती परकी होती.

*

उन्हं चढत गेली तसं दूध उतरत गेलं. हिरवा पाला नाही, तर दूध येणार कुठून? पण दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारा जो बसतो त्याला बोलायला निमित्त लागतं. सगळे त्याला फॅटवालाच म्हणतात. मामंजी रोज कॅन घेऊन जायचे आणि तो चारचौघांत विचारायचा, "काय मालक, सूनबाई गाईंना इंग्रजी शिकवते म्हणे? म्हणूनच दूध लाजून आत बसतंय."

लोक हसायचे. मामंजी कॅन उचलून परत यायचे ते तांबडेलाल होऊन.

एके दिवशी त्यांच्या पायात काटा मोडला म्हणून मीच कॅन घेऊन गेले. फॅटवाल्याने नमुना यंत्रात घातला आणि डोळे मिचकावत म्हणाला, "काय वहिनी, दूध आज गुड मॉर्निंग म्हणतंय का?"

रांगेतली माणसं खुदखुदली.

"दूध काही म्हणत नाही," मी म्हटलं. "म्हणतं ते यंत्र. आकडा वाचा आणि लिहा. वाचता येत नसेल तर सरका, मी वाचते."

 त्याने आकडा लिहिला. माझे कान पेटले होते. कॅन घेऊन परत निघाले. पण मान खाली घातली नाही. घरी येईपर्यंत ती बातमी माझ्या आधी पोचली होती.

मामंजी ओट्यावर पाय धुऊन बसलेले. हात पुढे केला. "फोन दे."

"का?"

"चार माणसांत तोंड चालवतेस. त्या खोक्यातून दिवसभर परकी भाषा गाईंच्या कानात ओततेस, त्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. दूध त्यानेच आटलंय."

"दूध चाऱ्याने आटलंय, मामंजी. तुम्हालाही माहीत आहे."

"दे म्हटलं ना!"

नवरा मध्ये उभा होता. त्याला आईचंही पटतं, बापाचंही पटतं आणि माझंही पटतं. त्यामुळे त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. मी फोन दिला. मामंजींनी तो पेंडीच्या कोठीत ठेवला आणि कुलूप लावून किल्ली कंबरेला अडकवली.

परीक्षेला एकवीस दिवस उरले होते. मी रडले नाही असं म्हणणार नाही. पण रडले ते शेण भरताना. तिथं डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही.

*

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत तांबडीखाली बसले. कास धुतली, सडांना हात घातला. काहीच नाही. वासराला सोडून तोंड लावलं, पुन्हा बसले. चार-दोन थेंब. तांबडी मान मागे वळवून कॅनकडे बघत होती, कान टवकारून. कॅन रिकामा आणि मुका.

पान्हा चोरला होता तिने. ठिपक्याचीनेही. शिंगमोडीने तर बादलीच उडवली. सात गाईंचं मिळून एरवी दोन गाईंचं होतं तेवढं दूध.

मामंजी म्हणाले, "मुद्दाम करतेस."

मी बाजूला झाले. "बसा तुम्ही."

बोलून चुकल्यासारखं झालं त्यांना, पण मागे कसे हटणार? बाह्या वर सारून बसले. वीस वर्षांनी. हात विसरले नव्हते, हे कबूल करते. बोटं बरोबर मिटत होती. पण तांबडी म्हणजे तांबडी. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कॅनकडे पाहिलं, आणि सावकाश शेपटीने त्यांच्या तोंडावर एक फटका दिला. ओल्या शेपटीचा.

दुपारीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी ठिपक्याचीची कास दगडासारखी कडक झाली. हात लावला की ती थरथरायची. माझा राग कुठल्या कुठे गेला. भरलेली छाती दुखते म्हणजे काय ते टिटवीच्या वेळी मी भोगलंय.

आत्याबाई गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. मामंजींना इतक्या वर्षांत त्यांनी कधी आज्ञा केलेली मी ऐकली नव्हती. म्हणाल्या, "किल्ली काढा."

"तू यात पडू नकोस."

"गाईची कास सडवून कुणाला धडा शिकवणार आहात? सुनेला, की मुक्या जिवाला? किल्ली काढा म्हणते!"

मामंजींनी किल्ली काढली नाही. पण कंबरेवरून हात बाजूला घेतला. आत्याबाईंनी आपल्या वाकड्या बोटांनी ती सोडवून घेतली.

फोन कॅनमध्ये ठेवला. टिंग.

ठिपक्याचीने एक लांब श्वास सोडला. मी हात घातला आणि पहिली धार बादलीच्या तळाशी अशी वाजली की टिटवी टाळ्या पिटायला लागली. बेटावरची बाई बोलत होती आणि दूध येत होतं, फेस वर चढत होता. मामंजी खांबाला टेकून बघत होते. पाच महिने रोज एकाच वेळी एकच आवाज; गाईंनी तो आवाजच वासरू मानला होता. यात नवल काही नाही. माणसंसुद्धा अशीच सवयीला लावली जातात.

"मी गाईंना इंग्रजी शिकवत नव्हते, मामंजी," मी मान न वळवता म्हटलं. "आम्ही एकमेकींना बसवून ठेवत होतो."

 भरलेली बादली त्यांनीच उचलून नेली.

*

आता सगळं जमलं, असं मला वाटलं होतं. परीक्षेला आठ दिवस असताना शहरातल्या एका शिकवणीत सराव परीक्षा होती. नवऱ्याने गाडीतून नेऊन सोडलं. स्वच्छ खोली, प्रत्येकाला वेगळं टेबल, कानाला घालायला जाड मऊ यंत्र. टिंग झालं. माणसं बोलायला लागली.

आणि मला काही म्हणता काही कळेना.

आवाज येत होता, शब्द ओळखीचे होते, पण पायरीवरून पाणी वाहून जावं तसे ते वाहून जात होते. हात टेबलावर दोन मेलेल्या माशांसारखे पडले होते. तीसपैकी अकरा.

शिकवणीच्या मास्तरांनी कागद बघितला, माझे खडबडीत हात बघितले. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, या वेळी सोडा. पुढच्या वर्षी बसा. घरी लहान मूल, गुरंढोरं. तुमच्यावर ओझं आहे."

"ओझं आहे म्हणूनच बसणार आहे," मी म्हटलं. पण जिन्यावरून उतरताना माझाच मला विश्वास वाटत नव्हता. पुढच्या वर्षी कुठली जागा? जागा एकदा गेली की गेली.

घरी आले तेव्हा धारांची वेळ झालेली. कपडे न बदलता बसले. मास्तरांनी तीच सराव फीत फोनवर दिली होती. उत्तरं सांगितली नव्हती. लावली. तांबडीच्या कुशीला कपाळ टेकलं, बोटं मिटायला लागली, आणि त्या घाईने बोलणाऱ्या माणसांचं एकेक वाक्य समोर येऊन उभं राहिलं. कोण खोटं बोलतंय, कोण चिडलाय पण दाखवत नाही, सगळं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मास्तरांकडून उत्तरं आणली. तीसपैकी सत्तावीस.

मी आत्याबाईंना म्हटलं, "माझं काय चुकलं ते कळलं. मी कानांनी शिकलेच नाही. हातांनी शिकले. हात रिकामे असले की मी बहिरी."

त्या टिटवीचे केस विंचरत होत्या. "त्यात काय? मलाही भांडी घासल्याशिवाय भांडता येत नाही." थोड्या वेळाने उठल्या आणि वासराच्या दुधाच्या बाटलीचं रबरी बोंड काढून माझ्या हातात ठेवलं. "हे घेऊन जा. डाव्या हातात धर, उजव्याने लिही."

*

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या सातही धारा मी काढल्या. दुपारच्या उरत होत्या. आत्याबाईंची बोटं त्या आठवड्यात अगदीच मिटली होती. मामंजी ओट्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होते, जणू जगात दुसरं काम नाही.

मी फोन त्यांच्यासमोर ठेवला. "परीक्षेत हा चालत नाही. इथंच ठेवून जाते. हे बटण दाबलं की टिंग होतं. पहिली तांबडीची, दुसरी ठिपक्याचीची."

"मी हो म्हटलं नाही अजून."

"मी विचारलंही नाही, मामंजी. सांगून चाललेय."

त्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. आत दाराआड आत्याबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. बाहेर नवऱ्याने गाडी चालू केली, आणि जन्मात कधी केलं नाही ते केलं: बापासमोर भोंगा वाजवला. एकदा, मग पुन्हा. टिटवीने माझ्या गुडघ्याला मिठी मारली, मी तिच्या डोक्याचा वास घेतला, चारा आणि साबण, आणि निघाले.

परीक्षेच्या दारात तपासणाऱ्या बाईंनी माझी पिशवी पाहिली, खिसे पाहिले. रबरी बोंड बाहेर निघालं.

"हे काय आहे?"

"वासराला दूध पाजायचं."

"आत कशाला?"

"ऐकायला," मी म्हटलं.

त्यांनी बोंड उलटसुलट करून पाहिलं. "नाही चालणार. ओळखपत्र, पेन्सिल आणि पाणी. बाकी सगळं इथं." आणि बोंड एका ट्रेमध्ये, लोकांच्या घड्याळांच्या आणि किल्ल्यांच्या ढिगावर जाऊन पडलं.

वाचायचा भाग झाला. काढून टाकलेले परिच्छेद आपापल्या भोकांत जाऊन बसले. मनातल्या मनात ठिपक्याचीला मूठभर पेंड घातली. मग कानाला ते मऊ यंत्र. खोली गार. हात टेबलावर, पुन्हा ते मेलेले मासे.  पहिली फीत सुरू होते आहे अशी सूचना झाली आणि मला फक्त माझ्याच छातीचे ठोके ऐकू येत होते.

आधी स्वतःच्या अंगठ्याची धार काढ.

डावा हात टेबलाखाली घेतला. अंगठा मुठीत उभा केला. तर्जनी मिटली, मग मधलं बोट, मग उरलेली दोन. ओढायचं नाही. सोडलं. पुन्हा. दारात तपासणाऱ्या बाईंना माझा अंगठा काही काढून घेता आला नव्हता.

टिंग.

बोटं चालत राहिली आणि माणसं बोलायला लागली, आणि मला ऐकू आलं.

*

परत आले तेव्हा उन्हं उतरली होती. गाडी वळणावर असतानाच विहिरीतल्या साहेबाचा आवाज आला. गोठ्याच्या दारात पोचले. मामंजी तिसऱ्या गाईखाली बसलेले, शर्ट पाठीला चिकटलेला, एका गालावर शेण. आत्याबाई बाटली धरून, टिटवी कॅनवर ताल धरून.  मी बादली घेतली आणि चौथ्या गाईखाली बसले.

"किती गुण?" मामंजींनी गाईलाच विचारल्यासारखं विचारलं.

"दीड महिन्याने कळेल."

दीड महिन्याने कळलं. पास. वाचण्यात भरपूर, ऐकण्यात त्याहून दोन जास्त. मोठ्या बाईंना कागद दाखवला तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. त्याच आठवड्यात पाऊस झाला, बेताचा. माळावर नुसती हिरवी झाक आली. गडी काही परत आला नाही.

"मग आता?" मामंजींनी जेवताना विचारलं.

"सकाळच्या धारा मी काढून जाईन," मी म्हटलं. "दुपारच्या तुमच्या. शाळा सुटेपर्यंत मी मोकळी नाही."

त्यांनी भाकरी मोडली. "आणि फोन?"

"तो गोठ्यातच राहील."

शाळेच्या पहिल्या दिवशी हाताला खडू लागलेलीच मी परत आले. मामंजींच्या धारा संपत आल्या होत्या. फॅटवाल्याने आज काही विचारलं का, असं मी विचारलं. म्हणाले, "विचारलं. मी म्हटलं, सून मास्तरीण झाली, तुला आकडे वाचायला शिकायचं असेल तर नाव घाल." मग बादलीतला फेस बोटाने सारत म्हणाले, "ते जाऊ दे. नवीन काहीतरी आण त्यात. गाईंना हे सगळं पाठ झालंय."

"गाईंना?"

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उठून पाठ सरळ केली, बादली आत्याबाईंकडे दिली.

"आणि ती होडी आली बरं का," म्हणाले.

"कुठली होडी?" आत्याबाई.

"तुझ्या त्या बेटावरच्या बाईची. सहा महिने जीव टांगणीला लावून बसलीस. अगं, होडी आली नसती तर हे सगळं सांगायला ती परत कशी आली असती?"

आत्याबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मी खुंटीवरचा जुना कागद काढला. दुसऱ्या फितीखालचा शेवटचा प्रश्न अगदी हाच होता: बोलणारीचं पुढे काय झालं असावं? मला तो पहिले दोन महिने सुटला नव्हता. मी खडू घेतला आणि त्या उत्तरापुढे, मामंजींच्या देखत, एक मोठी बरोबरची खूण केली.